परदेशांतील शुश्रूषेची चाकरी



कोल्हापूर शहर व आसपासचे तालुके यांतील मंडळ्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. ए. एन. एम.चा दोन वर्षांचा किंवा जी. एन. एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली, अथवा रुग्णसहायकाचें थोड्या महिन्यांचें शिक्षण घेतलेली एखादी मुलगी पाळकाकडे येते आणि बाप्तिस्म्याचा दाखला व शिफारसपत्र मागते. तिला जर्मनीस जावयाचें असतें, इस्राएलांत जावयाचें असतें, नाहीं तर आखातांतील एखाद्या शहरीं. तेथें वृद्धांस उठविणें, न्हाऊं घालणें, भरविणें, औषध वेळेवर देणें, अंथरूण बदलणें, रात्रीं जागणें, हें तिचें काम असावयाचें. मुलगी कागद घेऊन जाते, आणि आठ दिवसांनीं तिचे चुलते येतात. ते विचारतात, "पाळकसाहेब, हिच्या आईला आतां जिना चढवत नाहीं. आपलें म्हातारें माणूस घरीं टाकून परक्याच्या म्हाताऱ्याचें करावयास सातासमुद्रांपलीकडे जावें, हें बरें आहे काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. तो विचारणारास "काळ बदलला" एवढेंच सांगून वाटेस लावणें योग्य नव्हे, आणि मुलीस "पैशाचा मोह" म्हणून दटावणें तर मुळींच योग्य नव्हे. म्हणून आज त्याचा थोडा सविस्तर विचार करूं.

हा प्रश्न आतांच कां उभा राहिला, याचीं कारणें उघड आहेत. जर्मनींत दर पांच माणसांमागें एकाहून अधिक माणूस ६५ वर्षांवरील आहे, आणि त्यांस सांभाळणारे हात तेथें पुरेसे नाहींत. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें त्या देशांतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. आरंभीं १०,००० माणसें धाडण्याचें ठरलें. त्यांत सुतार, गवंडी, वीजतंत्री यांच्याबरोबर परिचारिका व रुग्णसहायकही आहेत, आणि जाणारांस जर्मन भाषा शिकविण्याचा भार शासनानें आपल्या शिरावर घेतला. इस्राएलाशीं मे २०२३ मध्यें जो करार झाला, त्यांत ४२,००० भारतीय कामगारांची गोष्ट होती, व त्यांपैकीं ८,००० शुश्रूषेच्या कामासाठीं होते. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथें युद्ध पेटलें, तेव्हां त्या देशांत सुमारें १८,००० भारतीय होते आणि त्यांतील सुमारें १४,००० वृद्धांची व अपंगांची शुश्रूषा करणारेच होते. (कोंकणांतून तिकडे जाऊन राहिलेल्या बेने इस्राएल लोकांच्या जुन्या पिढीच्या तोंडीं अजून मराठी आहे, तेव्हां तो देश आपणांस अगदींच परका म्हणतां येत नाहीं.)

आतां मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत आणावी. शुश्रूषेचें पद्धतशीर शिक्षण आपल्याकडे आलें तेंच मुळीं समुद्रापलीकडून, आणि तें आणणाऱ्या बाया आपलीं घरें सोडूनच आल्या. थिओडोर फ्लीड्नर नांवाच्या एका जर्मन पाळकानें १८३६ सालीं ऱ्हाइन नदीच्या कांठीं कैझर्सवर्थ या लहानशा गांवीं सेविकांची संस्था काढिली. गांवांतील कापडाचा कारखाना बुडाल्यानें त्याची मंडळी निर्धन झालेली होती. अशा ठिकाणीं त्यानें साध्या घरांतील अविवाहित मुलींस रोग्यांची निगा राखण्याचें शिक्षण दिलें. १८५१ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई तेथें तीन महिने शिकावयास राहिल्या. त्यांच्या घरच्यांस तें मुळींच रुचलें नव्हतें. पुढें तें शिक्षण इंग्लंडांत रुजलें, अमेरिकेंत गेलें, आणि मिशनांच्या दवाखान्यांबरोबर आपल्या दारीं आलें. डॉक्टर वान्लेस १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले व १८९४ सालीं मिरजेचें रुग्णालय उघडलें. त्याच्या मागोमाग परदेशीय परिचारिका आल्या आणि त्यांच्या हाताखालीं आपल्या आज्या-पणज्या शिकल्या.

त्या परदेशीय बायांच्याही घरीं आया होत्या. कोणाचा बाप म्हातारा झाला असेल, कोणाची आई आजारी पडून वारली असेल, आणि बातमीचें पत्र दोन महिन्यांनीं बोटीनें येऊन पोंचलें असेल. आपल्या वाडवडिलांनीं त्यांस कधीं विचारलें नाहीं कीं, "बाई, घरचें म्हातारें माणूस टाकून तुम्ही येथें आमचें करावयास कशा आलां?" आपण त्यास त्याग म्हटलें आणि त्यांच्या कबरींवर फुलें वाहिलीं. घर सोडून परक्या देशीं परक्या रोग्याची शुश्रूषा करणें ही गोष्टच जर वाईट असती, तर त्यांच्याविषयींही आपणांस तसेंच म्हणावें लागलें असतें.

यावर कोणी म्हणेल, "त्या गरिबांकडे आल्या, आमच्या मुली श्रीमंतांकडे चालल्या आहेत. त्या देण्यास आल्या. ह्या घेण्यास जातात." हा भेद खरा आहे आणि तो झांकूं नये. पण तो लावण्यापूर्वीं आपल्याच गांवची एक गोष्ट आठवूं.

गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरींत कोल्हापुरास असतां, १८७८ च्या सुमारास, पत्नीस शिक्षणासाठीं अमेरिकेस न्यावें म्हणून त्यांनीं मिशनरींशीं पत्रव्यवहार केला. रेव्हरंड वाइल्डर, ज्यांनीं १८५२ सालीं कोल्हापुरांत मिशनचें काम आरंभिलें, ते त्या वेळीं अमेरिकेस परतून तेथें एक नियतकालिक चालवीत होते. त्यांनीं तें पत्र व आपलें उत्तर छापलें. आणि उत्तरांत मदतीपेक्षां धर्मांतराचाच विषय अधिक होता. हें आपल्या मिशनच्या इतिहासांतील फारसें भूषणावह पान नव्हे, असें मला स्पष्ट वाटतें. परंतु तेंच नियतकालिक रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या हातीं दंतवैद्याकडे बसल्या असतां सहज पडलें, आणि कोणतीही अट न घालतां त्यांनीं आनंदीबाईंस आपलें घर उघडलें. आनंदीबाई १८८३ सालीं गेल्या. मार्च १८८६ मध्यें वैद्यकीची पदवी मिळविली. कोल्हापूर दरबारानें त्यांस आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर नेमलें. तेंच रुग्णालय पुढें छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झालें. परंतु त्या क्षयानें खंगून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत राहिली.

आनंदीबाई शिकावयास गेल्या व येथें परत येऊन काम करावयाच्या हेतूनें गेल्या. आजची मुलगी शिकलेली विद्या तिकडे खर्चावयास जाते. तिची योग्यता आनंदीबाईंच्या जाण्याशीं एक नाहीं, हें उघड आहे. तरी एवढें ध्यानांत घ्यावें कीं परक्या घरीं आजारी पडलेल्या त्या ब्राह्मण मुलीच्या उशाशीं बसणारी बाई तिच्या नात्याची, देशाची कीं धर्माची नव्हती. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. शुश्रूषा ही गोष्ट नात्याच्या कुंपणांत राहत नाहीं. आजारी माणसास पाण्याचा घोट कोण पाजतो, हें तो घोट घेतांना विचारीत नाहीं.

पुष्कळांच्या मनांत खरी अडचण पैशाची असते. सेवा फुकट असली तरच ती सेवा, वेतन घेतलें कीं चाकरी, अशी आपली समजूत. चांगल्या शोमरोन्याची कथा आपण सर्वांनीं शब्बाथशाळेपासून ऐकिली आहे. त्या कथेंत शुश्रूषा करणारे दोघे आहेत, परंतु उपदेशांत आपण बहुधा एकाचेंच नांव घेतों. शोमरोन्यानें जखमा बांधिल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविलें, एक रात्र सांभाळिलें, आणि दुसऱ्या दिवशीं तो आपल्या कामास निघून गेला. त्यानंतरच्या दिवसांत त्या जखमी माणसाचें पथ्यपाणी कोणीं पाहिलें? उतारशाळेच्या रक्षकानें. त्यानें त्याबद्दल दोन दीनार घेतले, आणि अधिक खर्च झाल्यास तोही मिळण्याचें वचन घेतलें. प्रभूनें त्यास कोठें दोष दिला नाहीं. मला तर वाटतें कीं, तो रक्षक नसता तर शोमरोन्याची दया एका रात्रींतच संपली असती.

मात्र आपणही खरें बोलावें. मुलगी निघतांना प्रार्थनासभेंत आपण उभे राहून म्हणतों, "ही आपली भगिनी सेवेसाठीं जात आहे." ती कर्ज फेडावयास, धाकट्या भावाचें शिक्षण करावयास, घरावर स्लॅब घालावयास जात असते. तें तसेंच सांगावें. प्रामाणिक मिळकतीस धर्माचा झगा घालण्याची गरज नाहीं. आणि तो घातला कीं, पुढें तिनें मंडळीस देणगी कमी धाडली तर आपणच तिला कृतघ्न म्हणूं लागतों.

दुसरा एक आक्षेप कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, पण तो आहे. "शिकून सवरून शेवटीं तिकडे जाऊन म्हाताऱ्यांची घाण काढणार!" हा आवाज आपणांस नवा नाहीं. या देशांत परिचारिकेचें काम पहिलीं अनेक वर्षें बहुतांशीं ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन घरांतील मुलींकडे राहिलें, कारण इतर घरें परक्याच्या मळमूत्रास हात लावणें हें विटाळाचें समजत. आपल्या आज्यांनीं तें काम केलें आणि त्याच्या वेतनावर आपल्या बापांस शिकविलें. आतां नातवंडांनींच नाक मुरडावें, हें मोठें विचित्र होय.

आणि त्या कामास अकुशल म्हणणारानें तें एक रात्र करून पाहावें. अंथरुणास खिळलेल्या माणसास दर दोन तासांनीं कूस बदलून निजवावें लागतें, नाहीं तर कंबरेस व टांचांस व्रण पडतात आणि ते हाडापर्यंत जातात. अर्धांगवायू झालेल्यास भरवितांना त्याला ताठ बसवून हनुवटी किंचित् खालीं ठेववावी लागते, नाहीं तर घास श्वासनलिकेंत उतरून फुप्फुस बिघडतें. ज्याची स्मृति गेली आहे तो म्हातारा एकच प्रश्न तासांत वीस वेळां विचारतो. त्यास विसाव्या वेळींही पहिल्यासारखें उत्तर देणें ही विद्या कोणत्या परीक्षेंत मोजली जाते? ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं इस्राएलच्या सरहद्दीवरील नीर ओझ येथें सशस्त्र लोक घरांत शिरले, तेव्हां दोन मल्याळी सेविका आपल्या सांभाळांतील वृद्ध जोडप्यास सुरक्षित खोलींत घेऊन तासन् तास दाराची मूठ आंतून धरून उभ्या राहिल्या आणि सर्वांचे प्राण वांचले. त्याआधीं मे २०२१ मध्यें अश्कलोन शहरीं अशीच एक मल्याळी सेविका अग्निबाण घरावर पडून ठार झाली. ती त्या क्षणीं गांवीं असलेल्या पतीशीं दूरध्वनीवर बोलत होती. तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता. हीं दोन्ही उदाहरणें मी एकत्र सांगतों, कारण निघणाऱ्या मुलीस पहिलेंच सांगणारे फार भेटतात.

आतां चुलत्यांच्या प्रश्नाकडे येऊं. आईचें काय?

येथें मला प्रथम एक गोष्ट विचारावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यांतून किती मुलगे फौजेंत गेले, मुंबईच्या गिरण्यांत गेले, पुण्याच्या कारखान्यांत गेले, दुबईस गेले! त्यांच्याही घरीं म्हातारीं माणसें होतीं. त्यांच्यासाठीं आपण उपकारस्मरणाच्या सभा घेतल्या. घरचें म्हातारपण सून किंवा लेक पाहील, हें इतकें गृहीत होतें कीं तो प्रश्न कोणाच्या मनांतही आला नाहीं. लेक जावयास निघाली तेव्हां मात्र कर्तव्याची आठवण झाली. आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा व मुलगी यांत भेद करीत नाहीं. पांचव्या आज्ञेंतही तो नाहीं. तेव्हां जे चुलते विचारावयास येतात त्यांस मी नम्रपणें उलट विचारतों, "हिचा भाऊ काय करतो?" बहुतेक वेळां तो याच गांवांत असतो.

परंतु एवढें म्हणून प्रश्न सुटत नाहीं. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत प्रभूनें कुर्बानाविषयीं शास्त्र्यांस खडसाविलें आहे. आईबापांस जें द्यावयाचें तें देवास वाहिलें असें म्हणावें आणि आईबापांविषयींच्या कर्तव्यांतून मोकळें व्हावें, अशी ती युक्ति होती. आजच्या घरांत कुर्बानाचें रूप निराळें आहे. देवाच्या नांवानें नव्हे, आईच्याच नांवानें आपण आईपासून मोकळें होतों. "मी तिच्याच औषधासाठीं तर राबते" असें मुलगी म्हणते, "आम्ही तिला पैशाची ददात पडूं देत नाहीं" असें भाऊ म्हणतो, आणि म्हातारी दिवसभर दाराकडे पाहत बसते. पैसा औषध आणतो, डॉक्टर आणतो, विजेचा पंखा आणतो. आईनें काल काय खाल्लें आणि आज ती गप्प कां आहे, हें पैशास कळत नाहीं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तिचें तोंड दिसतें खरें. पण तोंड दिसलें म्हणजे पाठीवरचा व्रण दिसतो असें नाहीं.

म्हणून माझें मत असें आहे. जिची आई हिंडती-फिरती आहे व घरांत दुसरें जबाबदार माणूस आहे, तिनें संकोच न धरितां जावें. तिला अडविण्याचा कोणास अधिकार नाहीं. जिची आई अंथरुणास खिळली आहे आणि जवळ दुसरें कोणी नाहीं, तिनें थांबावें. ज्या हातांचें कौशल्य तिकडे विकावयाचें, त्या हातांची पहिली हक्कदार तीच आई आहे. पण हें सांगणें सोपें आहे, आणि तेवढें सांगून मंडळीनें घरीं जावें हें मला मान्य नाहीं. मुलीस थांब म्हणावयाचें असेल तर थांबण्याची किंमत एकट्या तिच्या माथीं मारूं नये. तिच्या आईच्या औषधांचा कांहीं वांटा मंडळीच्या गरीबफंडांतून द्यावा, दुपारचे चार तास तिच्या आईजवळ बसावयास स्त्रीमंडळांतील भगिनींनीं पाळ्या लावाव्या, म्हणजे ती जवळच्या दवाखान्यांत काम तरी करूं शकेल. हें करावयाचें नसेल तर आपण तिला जाऊं नको असें म्हणूं नये.

लहान लेंकरांच्या आयांविषयीं मी अधिक कठोर आहे. इस्राएलांत शुश्रूषेस जाणारीस नवरा व मुलें नेतां येत नाहींत. इंग्लंडनेंही ११ मार्च २०२४ पासून नव्यानें येणाऱ्या शुश्रूषा-सेवकांस कुटुंब आणण्यास मनाई केली. म्हणजे जाणें हें वर्षानुवर्षांचें जाणें. दोन वर्षांचें मूल आईस विसरतें. आणि ती परत येते तेव्हां तें आजीच्या पदराआड लपतें. कर्जानें घर बुडत असेल तर तेंही सोसावें लागतें, हें मी जाणतों. परंतु दुमजली घरासाठीं तें सोसूं नये.

शिफारसपत्रावर सही करण्यापूर्वीं मी मुलीस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी विचारतों, आणि इतर पाळकबंधूंनींही त्या विचाराव्या अशी विनंति आहे. किती पैसे कोणास दिले? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालीं नोंदलेल्या दलालास सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेतां येत नाहींत. त्याचें नांव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट यादींत आहे कीं नाहीं हें तालुक्याच्या गांवींही मोबाईलवर पाहतां येतें. आखातांतील जागांसाठीं परिचारिकांकडून लाखों रुपये उकळल्याचें उघडकीस आल्यावर २०१५ सालीं केंद्र सरकारनें अशा १८ देशांतील परिचारिका-भरती शासकीय संस्थांकडे सोंपविली, ती उगाच नव्हे. करार कोणत्या भाषेंत आहे, आणि तो कोणी वाचून दाखविला? पारपत्र मालकाजवळ ठेवण्याची अट आहे काय? जमीन गहाण ठेवून जाणाऱ्या मुलीस तिकडे छळ झाला तरी परत येतां येत नाहीं. कर्जानें बांधलेल्या माणसाची सेवा ही राजीखुशीची सेवा राहत नाहीं, आणि येथें नीतीचा प्रश्न मुलीचा नसून तिला पाठविणाऱ्यांचा होतो.

परदेशचे नियम पायांखालच्या वाळूसारखे सरकतात, हेंही सांगावें. १९६० नंतर केरळांतील कॅथलिक घरांतील शेंकडों मुली जर्मनीस परिचारिका म्हणून गेल्या. त्या दशकानंतरच्या दशकांत जर्मनीस त्यांची गरज उरली नाहीं असें वाटतांच पुष्कळांचे परवाने वाढवून देण्याचें नाकारलें गेलें. इंग्लंडनें फेब्रुवारी २०२२ मध्यें शुश्रूषा-सेवकांस दार उघडलें आणि २२ जुलै २०२५ रोजीं बाहेरून येणारांस बंद केलें. मधल्या काळांत तेथील ४७० हून अधिक संस्थांचे परदेशीय नोकर आणण्याचे परवाने रद्द झाले, आणि त्यांच्या भरंवशावर घर विकून गेलेलीं माणसें रस्त्यावर आलीं. जर्मनींत आपल्याकडील तीन-चार वर्षें शिकलेल्या परिचारिकेसही तेथील मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणूनच राबावें लागतें, आणि मान्यतेसाठीं भाषेची बी-दोन ही पायरी चढावी लागते. जी मुलगी येथें वॉर्डाची प्रमुख होती तिला तेथें दीड-दोन वर्षें दुसऱ्याच्या हुकमानें बेडपॅन उचलावें लागलें, तर तिचें मन मोडूं नये म्हणून हें आधींच सांगितलेलें बरें.

राहिला आपल्या देशाचा हक्क. "येथें परिचारिका कमी, आणि तुम्ही बाहेर चाललां!" असें म्हणतात. हें खरें आहे. हजार लोकांमागें दोनच्या आसपास परिचारिका हें प्रमाण फार थोडें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं अशा भरतीसाठीं आचारसंहिता केली आणि ज्या देशांतून माणसें ओढून नेऊं नयेत त्यांची यादीही केली. त्यांत नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आहेत, भारत नाहीं. पण यादी बाजूस ठेवूं. ही तक्रार करण्याचा अधिकार कोणास आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनें २०१६ सालीं अशी शिफारस केली कीं, ५० हून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेस महिना २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावें. आपल्या जिल्ह्यांतील किती छोट्या दवाखान्यांत तें मिळतें, हें वाचकांनीं आपल्याच ओळखीच्या मुलींस विचारावें. आणि ज्या दवाखान्यांच्या भिंतींवर सेवेचीं वचनें लिहिलेलीं असतात, त्यांच्या हिशेबवह्या तरी फार निराळ्या असतात असें मीं पाहिलेलें नाहीं. सेवा हा शब्द वेतन कमी देण्यासाठीं इतकी वर्षें वापरला गेला आहे कीं, मुलींचा त्यावरील विश्वास उडाला तर दोष त्यांचा नव्हे.

शेवटीं एका बाईविषयीं लिहावयाचें राहिलें, जिच्याविषयीं चुलते कधीं विचारीत नाहींत. मुलगी परदेशीं गेली, पैसे येऊं लागले, म्हणजे तिच्या आईजवळ बसावयास एक बाई ठेवितात. ती बहुधा पलीकडच्या तालुक्यांतील विधवा किंवा टाकलेली असते, आणि तिचीही आई कोठें तरी असते. जर्मनींत जुलै २०२५ मध्यें अशिक्षित शुश्रूषा-सहायकाचाही किमान दर तासाला १६ युरो १० सेंट ठरला. एक वर्ष शिकलेलीस १७ युरो ३५ सेंट, आणि पूर्ण शिकलेल्या परिचारिकेस २० युरो ५० सेंट. रजा वेगळी, आजारपणाचें वेतन वेगळें. तें सर्व हक्कानें घेणारी आपली मुलगी गांवीं फोन करून सांगते, "त्या बाईला महिन्याला एवढ्यावर राजी करा." पहाटे पांचपासून रात्रीं दहापर्यंत ती बाई त्या घरीं असते, आणि सणासही तिला सुट्टी नाहीं.

म्हणून शिफारसपत्र देतांना मी आतां घरच्या मंडळींस एक अट घालतों. तिच्या आईसाठीं जी बाई ठेवाल तिचें वेतन लिहून ठरवावें, तें दर महिन्याच्या ठरल्या तारखेस द्यावें, आणि आठवड्यांतून एक दिवस तिला पूर्ण सुट्टी द्यावी. त्या सुट्टीच्या दिवशीं म्हातारीस न्हाऊं कोण घालणार, हा प्रश्न लगेच निघतो, आणि सगळे भावाकडे पाहूं लागतात. तो म्हणतो, मला तें येत नाहीं. मी त्यास सांगतों कीं, बहीण निघावयास अजून दोन महिने आहेत. तिच्याकडून शिकून घ्यावें.